सक्तीच्या शिक्षणाचं वय सहावरून तीनवर: कोकणात हे कसं जमायचं?

पऱ्याकाठ (धागाकर्ता)

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला. तीन वर्षं अंगणवाडी-बालवाटिका, मग पहिली-दुसरी. कायदा मात्र होता तिथेच आहे. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९ प्रमाणे हक्क ६ ते १४. धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात हा हक्क ३ ते १८ असा वाढवायची शिफारस होती, अंतिम धोरणात कायद्याचा तो बदल आलाच नाही. फ्रान्सने सप्टेंबर २०१९ पासून सक्ती सहावरून तीनवर आणली. हंगेरीने त्याआधी, २०१५ पासून, बालवाडी तिसऱ्या वर्षापासून सक्तीची केली. आपल्याकडेही ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वय खाली आणायला हरकत नाही, पण शहरं डोळ्यांसमोर ठेवून आखलेली सक्ती सड्यावरच्या (डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या) वाडीला लावली तर पहिल्याच पावसात वाहून जाईल.

जाणकारांनी नेमकं लिहा: अंतर, माणसं, संडास, खाऊ, पाटी-पेन्सिल. 'आमच्या वेळी' नको, त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो सातशे प्रतिसादांवर गेलाय.

बांगडा_फ्राय

तीन वर्सांच्या पोराक शाळेत धाडलास तर आज्येन दिवसभर करूचा काय? तिका पण बालवाटिकेत घेतलास तर बघा.

कायदेकानू

आधी एक गैरसमज दूर करतो, नाहीतर अख्खा धागा भलत्याच वाटेने जाईल. आपल्या कायद्यात सक्ती आहे ती सरकारवर. आरटीईच्या कलम ८ मध्ये तसा खुलासाच केलेला आहे: शाळा उपलब्ध करणं, प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं याची खात्री करणं हे सरकारचं बंधन. पालकांचं कर्तव्य कलम १० मध्ये आहे, पण त्याला दंड जोडलेला नाही. इंग्लंडमध्ये मूल शाळेत नसलं की नोटीस, दंड, खटला पालकावर येतो. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्ती आणली तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आजचा आपला कायदा त्या जातीचा नाही.

म्हणजे वय तीनवर आणलं तर आज्येच्या मांडीवरून पोर उचलून न्यायला कुणी पोलीस येणार नाही. फरक इतकाच, की वाडीत बालशिक्षणाची सोय नसेल तर ती मागण्याचा हक्क मिळेल. आज तो नाही. कलम ११ म्हणतं की तीन वर्षांवरच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था करू शकेल. केली नाही तरी चालतं.

यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही असं माझं मत. घटनेच्या अनुच्छेद २१-अ मध्ये ६ ते १४ हा किमान हक्क आहे, संसदेने साध्या कायद्याने त्याहून जास्त द्यायला आडकाठी नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांखालची मुलं घातली, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून, म्हणजे कोर्टात मागता येत नाही असं. त्याआधीच्या ४५ मध्ये चौदापर्यंतची सगळीच मुलं होती, खालची वयोमर्यादा नव्हतीच. खरं तर २००२ ला लहानांच्या तोंडचा घास गेला.

पऱ्याकाठ

धन्यवाद. शीर्षकातला 'सक्ती' हा शब्द मग सरकारवरची सक्ती असाच वाचावा.

तिरफळ

धागाकर्त्याने तीन वेगळ्या गोष्टींची मिसळ केली आहे.
१) हक्क कोणत्या वयापासून.
२) पहिलीत प्रवेश कोणत्या वयाला.
३) अक्षर गिरवायला सुरुवात कधी.

यातली पहिली गोष्ट खाली आणा, माझा पूर्ण पाठिंबा. दुसरी आणि तिसरी जागची हलवू नका. भीती अशी, की हक्काचं वय खाली आलं की बाकीच्या दोन आपोआप घसरतात. शाळेत बसलेलं मूल रिकामं दिसलं की मोठ्यांना चैन पडत नाही, लगेच हातात वही देतात.

आणि पहिलीचं वय महाराष्ट्रात आधीच खाली आलेलं आहे, कुणाच्या लक्षात आलं नाही एवढंच. ३० सप्टेंबरला सहा पूर्ण असा नियम होता, तो २०२१-२२ पासून ३१ डिसेंबर केला. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यांना पुन्हा कळवलं की पहिलीत सहा पूर्ण झालेलंच मूल घ्या. केंद्रीय विद्यालयात तारीख ३१ मार्च आहे. म्हणजे एकाच गावात दोन शाळा, दोन हिशोब.

मोजणीदार

तिरफळ यांच्या मुद्द्याचं गणित करून बघू.

३१ डिसेंबर २०१९ ला जन्मलेलं मूल जून २०२५ ला पहिलीत बसतं. वय साडेपाच. त्याच बाकावर १ जानेवारी २०१९ ला जन्मलेलं मूल, वय साडेसहा जवळ. साडेपाच वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. मग धाकटं मूल 'कच्चं', 'वळवळं' ठरतं. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांवर चंचलतेचा शिक्का जास्त बसतो, हे अनेक देशांत दिसलेलं आहे.

पुढचे परिणाम लोक तपासत नाहीत. समजा पहिलीचं वय पाच केलं. सैनिक शाळेच्या सहावीला ३१ मार्चला वय १० ते १२ लागतं. पाचव्या वर्षाच्या हिशोबाने शिरलेलं, ३१ डिसेंबरचं मूल त्या तारखेला सव्वानऊ वर्षांचं असेल. बाद. एप्रिल ते डिसेंबर या नऊ महिन्यांत जन्मलेली सगळीच बाद, वर्ष वाया घालवल्याशिवाय. 'नीट'ला प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण लागतात. तिथे ते मूल अगदी काठावर पास होतं, एका दिवसाचीही सवड नाही.

थोडक्यात, पहिली खाली ओढली तर वरचे सगळे जिने मोजून पुन्हा बांधावे लागतील.

चाकरमानी_डोंबिवली

पण मुंबईत तीन वर्षांची पोरं एबीसीडी म्हणतात. गावची मागे पडतात त्याचं काय? निदान ज्युनियर केजी तरी सक्तीचं करा.

तिरफळ

म्हणणं आणि येणं यात फरक आहे. शंभरापर्यंत पोपटपंची करणाऱ्या मुलाला 'सहा शिंपले दे' म्हणून बघा. कित्येकदा मूठभर देतं.

सुलूताई_५

अंगणवाडीचं काम जवळून माहीत असलेल्यांसाठी नवीन काही नाही, पण वर 'रिकामं मूल' आलंय म्हणून सविस्तर लिहिते.

हात कसा तयार होतो ते बघा. साधारण तीन वर्षांचं मूल गोल काढतं, चारच्या आसपास अधिकची खूण, साडेचार-पाचला चौकोन, पाचच्या पुढे त्रिकोण. देवनागरीचा 'अ' बघा: दोन वळणं, आडवा जोड, काना, वर शिरोरेघ. तिरक्या रेषा जुळवून त्रिकोण येत नाही त्या हाताला 'क्ष' गिरवायला दिला की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, मनगट उचलतं, खांद्यातून रेघ ओढतं. दोन ओळींत हात दुखतो. अशी पकड एकदा बसली की तिसरीतही सुटत नाही.

त्याआधी काय करायचं ते ठरलेलं आहे. कणीक किंवा माती मळणं, कागद फाडणं (कापणं नंतर), चिमटीने चिंचोके उचलून वाटीत टाकणं, सुतळीत मोठे मणी ओवणं, ओल्या फडक्याचा पिळा. उभ्या फळ्यावर खडूने रेघा मारणं सर्वांत चांगलं, कारण उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप योग्य कोनात येतं. फळा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला हवा. शाळांतला फळा मास्तरांच्या उंचीचा असतो, म्हणून जमिनीपासून दोन-अडीच फुटांचा पट्टा काळा रंगवून घ्यायचा.

आता माणसं. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात तीन ते सहा वयाला वीस मुलांमागे एक मोठं माणूस, तीनखाली दहामागे एक, तीस मुलांना ३५ चौरस मीटरची खोली आणि बाहेर खेळायला ३० चौरस मीटर जागा आहे. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस अशा दोघी असतात, आणि दोघी लागतातच. एका मुलाला संडासला न्यायचं म्हणजे दहा मिनिटं. धुणं, चड्डी बदलणं, हात धुवून परत आणणं. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिपाईच नसतो. उद्या तिथे तीन वर्षांची आठ मुलं बसवली आणि एक गुरुजी रजेवर, एक बैठकीला, तर धुणार कोण? यावर शासन निर्णयात ओळ सापडत नाही, आणि घोडं इथेच पेंड खातं.

संडासाचं भांडंसुद्धा वेगळं लागतं. मोठ्यांच्या पॅनवर लहान मूल पाय फाकवून बसू शकत नाही, पडायची भीती वाटते आणि दिवसभर दाबून ठेवतं. लहान पॅन, बाजूला धरायला कडी, कडी आतून न लागणारं दार. बादली नको, लहान मुलांजवळ भरलेली बादली धोक्याचीच. तोटी आणि मग.

हर्णैबंदर

सुलूताई, प्रतिसाद छापून ग्रामपंचायतीत लावण्यासारखा आहे.

मला वेळेचं बोलायचंय. बंदरावर लिलाव सकाळीही असतो, संध्याकाळीही. मासळी विकणारी बाई अंधारात घर सोडते. अंगणवाडी उघडते तोवर तिचा अर्धा दिवस संपलेला. पहिली ते चौथीच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असा २०२४ चा निर्णय आहे, त्यात पूर्व-प्राथमिकही आहे. मुलांच्या झोपेसाठी योग्यच. पण मग पहाटे चार ते नऊ पोर कुणाकडे? इथे गरज शाळेची नसून पाळणाघराची आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आई-बाप दोघं घरी. म्हणजे शाळा सुरू होते त्या महिन्यात गरज सर्वांत कमी, आणि नोव्हेंबरला सर्वांत जास्त. एका वेळापत्रकात हे बसवून दाखवा.

खाडीपलीकडे

अंतराचं राहिलं. आरटीईच्या राज्य नियमांत पहिली ते पाचवीला शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. सपाटीवर ठीक. आपल्याकडे वाडी वर, शाळा खाली, मध्ये पऱ्या (ओढा). नकाशावर आठशे मीटर असलेली शाळा जुलैत साकवावरून (ओढ्यावरच्या लहान पुलावरून) जावं लागलं तर दीड-दोन किलोमीटर होते. सात वर्षांचं मूल वीस मिनिटांत उतरतं. तीन वर्षांच्या मुलाला उचलून न्यावं लागतं, म्हणजे एक मोठं माणूस सकाळी आणि दुपारी अडकलं, तेही लावणीच्या दिवसांत.

म्हणून जूनच्या मध्याला शाळा सुरू करून हजेरी मोजण्यात अर्थ नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांचा प्रवेश गणपतीनंतर ठेवा. इंग्लंडमध्ये सक्ती पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून लागू होते, ३१ डिसेंबर, ३१ मार्च आणि ३१ ऑगस्ट अशा तीन तारखा धरतात. वर्षातून दोनदा प्रवेश आपल्याला का जमू नये?

साकवाचंही लिहून ठेवतो. कठडा मोठ्यांच्या कमरेला असतो आणि मधली जागा मोकळी. लहान मूल खालून सरळ जाईल. खाली मुलाचं डोकं जाणार नाही इतक्या जवळजवळ पट्ट्या मारणं एका दिवसाचं काम आहे.

बांगडा_फ्राय

गणपतीनंतर शाळा? मगे गणपतीच्या आधी सुट्टी कित्याक म्हणान घेवची :))

चिकूवाडी

उत्तर कोकणातून एक आठवण सगळ्यांना करून देतो. 'अंगणवाडी' हा प्रयोग सरकारी योजनेच्या कितीतरी आधी आपल्याच किनाऱ्यावर झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. साधनं परिसरातली: पानं, बिया, शंख, माती. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला आली.

खाडीपलीकडे यांच्या पऱ्याचं उत्तर त्यात आहे. तीन ते पाच वयाची वाडीत पाचच मुलं असतील, तर पाच मुलांना खाली उतरवण्यापेक्षा एक बाई वर चढवा.

मोजणीदार

तात्त्विकदृष्ट्या मान्य. पण अंगणवाडीला ४०० ते ८०० लोकसंख्या, मिनी अंगणवाडीला १५० ते ४०० असा निकष आहे. डोंगरी भागात थोडी सूट. निम्मी वाडी मुंबईला गेल्यावर दीडशे माणसं कुठून आणायची? मे महिन्यात आणि गणपतीत शिरगणती केली तर भरतील.

पऱ्याकाठ

परिसरातल्या साधनांचं कुणी लिहील का? बियांमध्ये काजू चालतात का?

सुलूताई_५

कच्च्या काजूबिया नकोतच. टरफलातलं तेल कातडी भाजतं, अखंड बीसुद्धा मुलं दाताखाली धरतात. चिंचोके, शिंपले, सोललेल्या सुपाऱ्या चालतील, पण तीन वर्षांखालचं भावंड सोबत बसत असेल तर चिंचोकेही उचलून ठेवा, घशात जातात. शिंपल्याच्या कडा फरशीवर घासून बोथट करायच्या.

रेतीच्या तबकाबद्दल. समुद्रावरची रेती तशीच आणली तर त्यातलं मीठ हवेतला दमटपणा ओढतं आणि पावसाळाभर रेती चिकट राहते, बोट फिरवलं की रेघ भरून येते. गोड्या पाण्यात तीनदा धुवायची, उन्हात खडखडीत वाळवायची, बारीक चाळणीने चाळायची. तबकात थर बोटाच्या पेराएवढाही नको, एक सेंटिमीटर पुरे. तळाला गडद रंगाचा कागद, म्हणजे रेघ उठून दिसते. हे सगळं एप्रिलमध्ये करून डब्यात बंद करायचं. जुलैत वाळणार नाही.

तक्ते भिंतीला चिकटवू नका. जांभ्याच्या भिंतीला पावसात घाम येतो, महिन्यात बुरशी. सुतळीवर चिमट्याने लावा.

चाकरमानी_डोंबिवली

हे सगळं ठीक, पण पालक खासगी नर्सरीतच घालणार. चिपळूण-कुडाळला गाडी दारात येते.

कायदेकानू

म्हणूनच हक्क खाली आणायला हवा. आरटीईचे शाळांसाठीचे निकष पहिलीपासून लागतात. नुसती नर्सरी चालवणाऱ्याने किती मुलांमागे किती बाया ठेवायच्या, खोली केवढी हवी, यातलं काहीच त्या कायद्याने बांधलेलं नाही. आणि प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घ्यायला कलम १३ ची बंदी आहे, तीही वय खाली आल्यावर लहानांना स्पष्टपणे लागू करता येईल.

रातांबा

इथे अजून कुणी दोन खात्यांबद्दल बोललं नाही. अंगणवाडी महिला व बालविकासची, शाळा शिक्षण खात्याची. तीन ते सहाच्या मुलाला अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण. शाळेत पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम धान्याचं जेवण, एकवेळ. शाळेच्या बालवाटिकेत गेलेल्या मुलाचा नाश्ता गेला. साडेचार वर्षांच्या पोटाला एकदम शंभर ग्रॅम तांदळाचा भात जातही नाही, त्याला दोनदा थोडं-थोडं लागतं.

नाव दोन्ही पटांवर ठेवता येत नाही, पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपमध्ये) आधारवरून अडकतं. मग सेविका सोडत नाही आणि गुरुजी मागत राहतात, कारण दोघांचंही पटावर पोट आहे. बालवाटिकेची मुलं संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) धरत नाहीत, पण आज आलेलं मूल उद्या पहिलीत टिकेल, ही आशा. वीसच्या खाली पट गेलेल्या शाळा कोकणात ढिगाने आहेत. सक्तीची मागणी कुठून येते तेही बघत चला.

तिरफळ

रातांबा, हा शेवटचा वार थोडा अन्यायकारक आहे. पट टिकवायची धडपड वाईट नाही, शाळा बंद झाली तर तीन वर्षांच्याचं सोडाच, सहा वर्षांच्यालाही पुढच्या गावात जावं लागेल. पण नाश्त्याचा मुद्दा शंभर टक्के.

गवताची_गंजी

रायगडात कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टी आणि कोळशाच्या भट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. खाडीपलीकडे म्हणतात तसा गणपतीनंतर प्रवेश दिला तर या मुलांना जेमतेम दोन महिने मिळतील. त्यांच्यासाठी उलटं हवं, पावसाळाच कामाचा. आणि भट्टीवर गेल्यावर तिथल्या अंगणवाडीने स्थलांतर करून नाव घ्यायला हवं. सरसकट एक तारीख ठरवाल तर कुणीतरी बाहेर राहणारच.

खाडीपलीकडे

मान्य. मग दोन प्रवेश: जून आणि गणपतीनंतर. पालकाने निवडावं.

चिकूवाडी

मूळ प्रश्नाकडे येतो. गोपाळ कृष्ण गोखले आपल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. १९११ साली त्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं ते सहा ते दहा वयाच्या मुलांसाठी, आणि त्यात एक शहाणपणाची अट होती: जिथे ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात तिथेच सक्ती लावायची. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. फ्रान्सनेही २०१९ ला केलं ते हेच. तिथली तीन वर्षांची जवळपास सगळी मुलं आधीच शाळेत होती, कायदा मागाहून आला. फिनलंडमध्ये सक्तीची शाळा सातव्या वर्षी, पण त्याआधीचं एक वर्ष २०१५ पासून बंधनकारक. तिथेही बहुतेक मुलं आधीच जात होती. आधी सोय, मग सक्ती.

कायदेकानू

इथे मी उलट म्हणेन. गोखल्यांची सक्ती पालकांवर होती, म्हणून ती अट न्याय्य होती. सक्ती सरकारवर असेल तर 'आधी सोय' म्हणणं म्हणजे सरकारला मुदत मोकळी सोडणं. सोय नाही तिथेच हक्काची गरज आहे.

चिकूवाडी

हा मुद्दा बिनतोड. पण मग कायद्यात वर्गखोली लिहू नका. बाई, मदतनीस, नाश्ता, संडास आणि घरापासून चालायचं अंतर एवढं लिहा. जागा अंगण असो की समाजमंदिर.

अबोली_९१

धागा उशिरा वाचला. प्रश्न साधा आहे. मूल २ जानेवारी २०२० चं. जून २०२५ ला पहिलीत घेत नाहीत म्हणतात, दोन दिवसांसाठी. जन्मदाखल्यात काही करता येतं का?

तिरफळ

दाखल्याला हात लावू नका. तारीख पुढे आधार, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट सगळीकडे जाते, आणि खोटी नोंद हा गुन्हा आहे. २०२५ ला नियमात बसत नाही, ३१ डिसेंबर २०२६ च्या आत सहा पूर्ण होतात, म्हणजे जून २०२६. तेव्हा ते वर्गातल्या थोरल्यांत असेल, आणि मोजणीदार यांचा वरचा प्रतिसाद बघा, त्यात फायदाच आहे. मधलं वर्ष अंगणवाडी किंवा जवळच्या शाळेची बालवाटिका. एप्रिलमध्ये शाळेत 'पहिले पाऊल'चा शाळापूर्व तयारी मेळावा असतो, तिथे जाऊन मूल काय करतं ते टेबलाटेबलावर बघा.

सुलूताई_५

आणि त्या वर्षात वही घेऊ नका. पाटी आणि जाड खडू घ्या. खडू अर्धा मोडून द्या. तुकडा छोटा असला की मुठीत धरता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो.